हवाली

ओढणी बादलीत घालण्याआधी कल्पनानं सवयीनं तिची टोकं उलटून पाहिली, आणि एका टोकाला तिला ग्रीस दिसलं. वीतभर लांबीचा काळा, चिकट पट्टा. त्याच्या पुढचं कापड नुसतं फाटलं नव्हतं, पिळवटलं होतं; कुणी दोरी वळायला घ्यावी आणि अर्ध्यात सोडून द्यावी तसा त्याला पीळ बसला होता, आणि काठाची झालर चार बोटं नाहीशीच झाली होती. नळ चालू होता. बाथरूमच्या पिवळ्या उजेडात ती ते टोक धरून उभी राहिली. परवापासून ओढणी बाहेरच्या खुर्चीच्या पाठीवर पडली होती. आल्यागेल्यानं तिच्याकडे बोट करून ‘हीच का ती?’ विचारलं होतं, आणि नवऱ्यानं, दिलीपनं, प्रत्येकाला ‘हीच हीच’ म्हणून सांगितलं होतं. पण टोक कुणी उलटून पाहिलं नव्हतं. त्या माणसाच्या हाताला ग्रीस असेल, तिनं स्वतःला सांगून पाहिलं. एखाद्या गॅरेजमधला असेल. पण हात कापडाला असा पीळ देत नाही. असा पीळ फिरणाऱ्या वस्तूचा असतो. बादली भरून वाहायला लागली तेव्हा तिनं नळ बंद केला आणि बादलीशेजारच्या पाटावर बसली. पाय दुखत होते. गेल्या दोन दिवसांत तिला इतकं दमल्यासारखं का होतंय, हे तिला आतापर्यंत कळलं नव्हतं. वय, असं ती म्हणत होती. पुढच्या महिन्यात एकोणपन्नास.

परवा बुधवार होता. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या ज्या शाळेत ती भूगोल शिकवते ती पाचला सुटली, आणि घड्याळाच्या टॉवरमागच्या गल्लीतून कोथिंबीर आणि वह्यांची कव्हरं घेऊन ती नेहमीसारखी पायी निघाली. गल्लीत गर्दी होती. एका बाजूला भाजीच्या गाड्या, दुसऱ्या बाजूला ई-रिक्षा एकीला एक लागून उभ्या. तिच्या अगदी कडेची एक रिक्षा सवारी भरून निघत होती. कुणीतरी मागून ‘मैडम, मैडम’ म्हणालं. मग मानेला हिसका बसला आणि त्याच क्षणी खांद्यावर हात पडला. इथपर्यंत तिला सगळं ओळीनं आठवत होतं. इथून पुढचं तिचं नव्हतं, ते तिच्या अंगाचं होतं. उजव्या हातानं त्याची बाही कशी पकडली, गुडघे कसे वाकले, कंबर त्याच्या पोटाखाली कशी गेली, हे तिला सांगता आलं नसतं. ज्युदो सोडल्यापासून सत्तावीस वर्षांत तिनं हे एकदाही केलं नव्हतं. एवढंच कळलं की तो माणूस फार हलका आहे. शाळेतल्या नववीच्या पोरीसारखा हलका. तो तिच्या खांद्यावरून गेला आणि टमाट्यांच्या क्रेटपाशी डांबरी रस्त्यावर पडला, आणि जो आवाज झाला तो गादीवरच्या आवाजासारखा नव्हता. क्षणभर सगळी गल्ली थांबली. मग एक पोरगा ओरडला, “लेडीज की चुन्नी खींच रहा था!” आणि चारपाच जण धावले. ते त्याला मारत होते तेव्हा ती गळ्यापाशी ओढणी सारखी करत होती. किती वेळ? पुढे जो व्हिडिओ आला त्यात ते चाळीस सेकंद भरतात. त्या चाळीस सेकंदांत ती काही बोलत नाही. तोंड उघडतेसुद्धा नाही. मग चौकीवरचा शिपाई येतो, त्या माणसाला उठवून बाजूला नेतो. तो पोटाशी हात धरून चालतो, आणि वळून एकदा तिच्याकडे बघतो. शिपायानं तिला विचारलं होतं, “रिपोर्ट लिखाना है?” तिनं मान हलवून नाही म्हटलं होतं, आणि हे आपलं मोठं मन आहे असं तिला त्या वेळी वाटलं होतं.

भय्यासाहेब असते तर त्यांनी पहिलं काय विचारलं असतं ते तिला माहीत होतं. बाही सोडलीस का? भय्यासाहेब एका शाळेचे निवृत्त पीटी मास्तर. दुपारचं जेवण झालं की ते तासभर झोपायचे आणि चार वाजता इस्त्रीचा पांढरा पायजमा घालून ज्युदोचा वर्ग घ्यायचे. काथ्याच्या गाद्यांवर ताडपत्री ताणून केलेली मॅट, तिच्यावर बारा-पंधरा मुलं आणि दोन मुली. बाबांनी तिला तिथं का घातलं हे कुणी कधी उघड बोललं नाही. बाबा रेल्वेत होते, भुसावळहून बदलून आलेले. एके दिवशी मोठी ताई शाळेतून रडत आली, आईनं दार लावून घेतलं, आणि दुसऱ्या सोमवारी बाबा तेरा वर्षांच्या कल्पनाला सायकलवर बसवून भय्यासाहेबांकडे घेऊन गेले. ताईला नाही; ताई मोठी झाली होती. पहिले पंधरा दिवस नुसतं पडायचं. पुढे पडायचं, मागे पडायचं, कुशीवर पडून तळहातानं गादीवर थाप मारायची. मग कितीतरी महिन्यांनी दुसऱ्याला पाडायचं. आणि तेव्हा भय्यासाहेब प्रत्येकाच्या मनगटावर दोन बोटं आपटून सांगायचे, “बाही सोडायची नाही. तो खाली जाईपर्यंत तुमच्या हातात पाहिजे. तुम्ही वर ओढून धरलंत तर त्याचं डोकं वाचतं, हात वाचतो. ज्याला पाडताय तो त्या वेळी तुमच्या हवाली असतो, समजलं?” ती पुढे तपकिरी पट्ट्यापर्यंत गेली, जबलपूरला राज्य स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आली, आणि इतक्या वर्षांत तिच्या हातून कुणाची बाही सुटली नव्हती. बुधवारी सुटली. खरं म्हणजे सुटली असं म्हणणंही चूक होतं. हाताला नेमकं आठवत होतं. हातानं ती फेकली होती.

तिनं ओढणी पुन्हा खुर्चीवर टाकली नाही, घडी करून हातात घेतली आणि दिलीपच्या समोर येऊन बसली. दिलीप बँकेतून आल्यावर अर्धा तास फोन बघत बसतो. नवरा-बायकोत बोलायचं जे असतं ते त्या अर्ध्या तासानंतर. तिनं त्याच्यापुढे टोक धरलं. “हे बघा.”

“काय लागलं? ऑइल?”

“रिक्षाच्या चाकात गेली होती. मागच्या आसात गुंडाळली असणार. तो माणूस ओढून काढत होता, अहो. रिक्षा निघाली होती.”

दिलीपनं चष्मा लावून टोक नीट पाहिलं. तो हुशार होता, त्याला कळायला वेळ लागला नाही, आणि कळल्यावर त्यानं ते टोक पुन्हा घडीत नीट दुमडून ठेवलं. “बरं मग? तुला कुठं माहीत होतं? मागून कुणी असं धरलं तर बाई काय करेल?”

“त्याला मारलं ना त्यांनी.”

“त्यांनी मारलं, तू नाही मारलंस.” मग आवाज उतरवून, “हे कुणाजवळ बोलू नको आता. तो उलटून केस करून देईल. सर्विस आहे तुझी. नऊ वर्षं राहिलीत.” त्याचा आवाज वाईट नव्हता. त्याला खरोखर तिची काळजी वाटत होती, आणि म्हणूनच तिला जास्त थकवा आला. चांगल्या माणसाशी वाद घालायला दुप्पट ताकद लागते. पुण्याहून मुलीचा, ईराचा, फोन आला तेव्हा तिनं तिलाही सांगितलं. ईरा म्हणाली, “आई, तू स्वतःला दोष देऊ नकोस हं. तुझी बॉडी रिॲक्ट झाली. आणि त्यानं आधी बोलायचं ना, सरळ हात कसा लावतो?” कल्पना हो म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र ती गॅलरीत जाऊन उभी राहिली, कारण जे तिनं दिलीपला सांगितलं नव्हतं, ईराला सांगितलं नव्हतं, ते आता तिच्याजवळ एकटीजवळ उरलं होतं. तो बोलला होता. दोनदा ‘मैडम’ म्हणाला होता, आणि तिसऱ्यांदा ‘मैडम, चुन्नी’ म्हणाला होता. तिला ऐकू आलं होतं. मागून आलेला पुरुषाचा आवाज आणि चुन्नी हा शब्द. तो शब्द ऐकून तिची पाठ ताठ झाली होती आणि ती वळली नव्हती. अशा वेळी वळायचं नसतं, चालत राहायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. उज्जैनमधल्या कुठल्याही मुलीला ते कुणी शिकवत नाही.

चालत राहायचं, नाहीतर बसून राहायचं. बावीस वर्षांची असताना इंदूरहून येणाऱ्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. शेजारी बाबांच्या वयाचा माणूस, कपाळाला गंध, मांडीवर मिठाईचा खोका. वाटेतलं सांवेर येण्याआधीच त्या खोक्याखालून हात आला. ती बाहेर बघत राहिली. सोयाबीनची शेतं, एक वीटभट्टी, पुन्हा शेतं. बॅगेत पांढरा गणवेश होता, तपकिरी पट्टा होता. विद्यापीठाच्या निवड चाचणीहून ती परत येत होती आणि त्या सकाळी तिनं आपल्याहून दहा किलोनं जड मुलीला आडवं केलं होतं. दीड तास. उतरताना तो माणूस ‘बेटा, जरा सामान पकड़ना’ म्हणाला आणि तिनं त्याचा खोका धरला. खरंच धरला, आणि तो खाली उतरल्यावर त्याच्या हातात दिला. पुढच्या आठवड्यात तिनं भय्यासाहेबांना अगदी सहज, बुटाची नाडी बांधता बांधता विचारलं होतं, “सर, बसमध्ये वगैरे, म्हणजे बसल्या जागी काही करायची वेळ आली तर काय करायचं?” भय्यासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. “उठायचं,” ते म्हणाले. आणि मग, स्वतःशीच म्हटल्यासारखं, “उठायचं आणि ओरडायचं. हे मी तुम्हाला शिकवलं नाही.” त्या दिवशी त्यांनी वर्ग लवकर सोडला. महिन्याभरात तिनं ज्युदो सोडला, पुढे लग्न झालं, आणि तेव्हापासून ती रस्त्यात जी चालत आली ती अशी की कोण कुठं आहे, कुणाचे हात खिशात, कुणाचे बाहेर, मागच्याची पावलं जवळ येतायत की लांब जातायत, याची नोंद पाठीनं घ्यावी. सत्तावीस वर्षं रोज. घरी आल्यावर खांदे दुखतात याला तिनं खडूचं काम असं कारण दिलं होतं. त्या गंधवाल्या माणसाचा हिशोब माझ्या हातानं त्या बापड्यावर चुकता केला, असं मनात आलं, आणि ते तिला आवडलं नाही. फार सोयीचं होतं ते. त्यात ती पुन्हा कुठंच नव्हती. एक जुना दोषी होता, एक नवा निरपराध, आणि मध्ये नुसता हात.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती चौकीवर गेली. शिपाई तोच होता. त्यानं तिला खुर्ची दिली, चहा मागवतो म्हणाला, त्याच्या बायकोनं व्हिडिओ तीनदा पाहिला होता. “अच्छा, वो? वो तो भैरवगढ का छीपा है, छपाई का काम करता है. माणिकलाल. पूछताछ करके उसी दिन छोड़ दिया, मैडम. आपने रिपोर्ट भी नहीं लिखाई.” मग तिला बरं वाटावं म्हणून त्यानं जोडलं, “अब नहीं करेगा किसी के साथ. हाथ टूट गया है उसका.” कोणता, तिनं विचारलं. शिपायानं आठवून आपला उजवा हात वर केला.

घरी जयू येऊन बसली होती. जयू म्हणजे त्यांच्या नानाखेड्याच्या कॉलनीतल्या महिला मंडळाची अध्यक्ष, कल्पनाहून पाच वर्षांनी मोठी, मनानं मोकळी, आवाज खणखणीत. उद्या संध्याकाळी बगीच्यात कार्यक्रम ठरला होता. शाल, श्रीफळ, आणि त्यानंतर कल्पनानं मुलींना दोन दाँव करून दाखवायचे. “पंचावन्न नावं आलीत अगं! सगळ्या पोरी विचारून राहिल्या, कल्पनामावशी शिकवणार का? तू फक्त तोच दाँव दाखव, व्हिडिओतला. पलटी देऊन पाडतेस तो.” दिलीप चहा घेऊन आला आणि कल्पनाकडे न बघता कप ठेवून आत गेला. कल्पना म्हणाली, “जयूताई, तो माणूस मला वाचवत होता. ओढणी चाकात अडकली होती.” जयूचा कप तोंडाशीच राहिला. “कोण म्हणालं?” तिनं विचारलं, आणि कल्पनानं ओढणीचं टोक दाखवल्यावर ती कितीतरी वेळ ते बघत राहिली. मग हलकेच म्हणाली, “असूही शकतं. पण अगं, पोरींना कशाला सांगायचं हे? त्या आधीच घाबरतात. एकदा कुठं बाई जिंकली, तर तेही...” आणि वाक्य तसंच सोडून देऊन तिनं चहा संपवला. कल्पनाला तिचा राग आला नाही. जिंकलेल्या बाईचा कॉलनीला किती उपयोग होता ते तिलाही दिसत होतं. पंचावन्न नावं. त्यातल्या काही पोरी बसनं इंदूरला जाऊन येत असतील.

रविवारी सकाळी, दिलीप भाजीला गेला असताना, ती बाहेर पडली. देवास गेटवरून सवाऱ्या भरून जाणारी मॅजिक गाडी मिळाली, काळभैरवाला निघालेल्या माणसांनी भरलेली. ती दाराशी बसली आणि तिची पाठ आपलं काम करत राहिली. समोरच्याचे गुडघे, शेजारच्याची पिशवी, क्लीनरचा हात. भैरवगढला उतरून तिनं पानाच्या दुकानात माणिकलाल छीपा कुठं राहतात विचारलं, तर दुकानदारानं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि मग नुसतं बोट दाखवलं. गल्लीत दोन्ही बाजूंना छापलेल्या चादरी वाळत होत्या, लाल आणि काळ्या, आणि ओल्या रंगाचा आंबूस वास होता. घर शोधावं लागलं नाही. दार उघडंच होतं. आत लांब टेबलावर कापड ताणलेलं, आणि एक बाई उभी राहून त्याच्यावर लाकडी ठप्पा मारत होती. ठप्पा रंगात बुडवायचा, कापडावर ठेवायचा, वरून मुठीनं ठोकायचं. तिला ते सवयीचं नव्हतं. ओळ तिरपी जात होती हे कल्पनालाही दिसलं. कोपऱ्यात खाटेवर तो बसला होता. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर. डोळ्याखालचं निळं आता पिवळं पडत होतं. पंचावन्नचा तरी असेल. तिला पाहिलं आणि तो उठून उभा राहिला, भिंतीला टेकेपर्यंत मागे सरला आणि म्हणाला, “मैंने कुछ नहीं किया था, मैडम.”

इतक्या वाटेत तिनं जी वाक्यं जुळवून आणली होती ती सगळी गेली. “मालूम है,” ती म्हणाली. तिनं पिशवीतून ओढणी काढली आणि का कोण जाणे ती त्याच्याऐवजी त्याच्या बायकोपुढे धरली. “चुन्नी रिक्शे के पहिये में गई थी. ये निकाल रहे थे. मुझे बाद में समझा. मैं माफी माँगने आई हूँ.”

बायकोनं ठप्पा खाली ठेवला. हात रंगानं लाल होते. तिनं ओढणीला हात लावला नाही. “हमको क्यों बता रही हो?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “हमको तो पहले दिन से मालूम है. तीस साल से जानती हूँ इसको. बाहर बताओ. चार दिन से ये पेशाब करने भी अँधेरा देखके निकलता है. लड़की के ससुराल से फोन आया कि तुम्हारे बाप का वीडियो देखा. उनको बताओ.”

“रहने दे,” माणिकलाल म्हणाला.

“क्यों रहने दूँ?”

कल्पना बाहेर आली. समोरच्या ओट्यावर तीन म्हातारे पेपर वाचत होते, नळावर बायका होत्या, चादरींच्या आडून पोरं बघत होती. तिची बातमी तिच्या आधीच गल्लीत पोचली होती. नळावरच्या एका मुलीच्या हातात मोबाइल होता. कल्पना तिला म्हणाली, “बेटा, रेकॉर्ड कर लो. जिस ग्रुप में वो वीडियो आया था, उसी में डालना.” आणि बोलायला लागली. शाळेत चाळीस मुलींपुढे रोज बोलणारी बाई ती, पण आवाज मोठा करावा लागला तेव्हा तो फाटला. मी अमुक, अमुक ठिकाणी शिकवते, बुधवारी ज्या बाईनं माणिकलालजींना पाडलं ती मी. त्यांची चूक नव्हती. त्यांनी माझा गळा वाचवला. तिनं ओढणीचं टोक वर धरलं. लोक त्यांना मारत होते तेव्हा मी गप्प उभी होते, हीसुद्धा माझीच चूक. इतकं बोलून ती थांबली. पोरगी मोबाइल धरून उभीच होती. नळावरची एक जाडशी बाई घागर कमरेवर घेत म्हणाली, “तो गलती नहीं थी, तो मारा क्यों?”

“डर गई थी,” कल्पना म्हणाली.

“किससे? माणिक से?” बाईनं विचारलं, आणि कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी कुणी हसलं, एक म्हातारासुद्धा पेपरामागे हसला. त्यात दुष्टपणा नव्हता. या गल्लीनं माणिकलालला लहानपणापासून पाहिलं होतं. त्याला कुणी भ्यावं ही गोष्टच त्यांना हसण्यासारखी होती. कल्पनानं मागे वळून पाहिलं. तो दारात येऊन उभा होता, दिवसाच्या उजेडात, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून, आणि ते हसणं ऐकत होता. त्याला ते बरं वाटत होतं की आणखी लागत होतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. “तुमसे नहीं,” ती त्या बाईला म्हणाली, “इनसे भी नहीं. ऐसे ही. रोज का.” हसणं थांबलं. घागरवाल्या बाईनं तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं, घागर सावरली आणि निघून गेली. ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला, “चलो, बात साफ हो गई. आ माणिक, बैठ.” आणि तो बाजूला सरकला.

माणिकलाल लगेच ओट्यावर गेला नाही. तो तिच्यापाशी आला, दोन हात अंतर ठेवून थांबला. डॉक्टर काय म्हणतात, तिनं विचारलं. सहा हफ्ते, तो म्हणाला; फिर देखेंगे पकड़ आती है कि नहीं. ठप्पा पकडायला अंगठ्यात जोर लागतो. ती म्हणाली, मी पुन्हा येईन, काही लागलं तर सांगा, औषध, दवाखाना. त्यानं मान हलवली. तो शब्द शोधत होता, तिला दुखवायचं नव्हतं असं दिसत होतं. “मैडम, आपने आके बोल दिया, अच्छा किया. सब कोई नहीं बोलता. पर अब मत आइए. आपको देखा ना, तो अभी अंदर से सब हिल गया मेरा.” डावा हात त्यानं पोटावर ठेवला होता. “बुरा मत मानना.” ती नाही म्हणाली. बुरा मानण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्याच्या जागी ती असती तर तिनंही हेच म्हटलं असतं, फक्त तिला ते इतक्या सरळपणे म्हणता आलं नसतं. आत त्याची बायको पुन्हा टेबलाकडे वळली होती. ठप्प्याचा आवाज सुरू झाला. कल्पना गल्लीच्या तोंडापर्यंत गेली तोवर म्हाताऱ्यांच्या शेजारी तो बसला होता; कुणी त्याला पेपरचं एक पान दिलं होतं आणि एका हातानं ते धरता येत नव्हतं म्हणून दुसरं कुणी धरून बसलं होतं.

नाक्यावर उभ्याउभ्याच तिनं जयूला फोन लावला आणि संध्याकाळी येणार नाही म्हणून सांगितलं. मग पुन्हा फोन करून म्हणाली, “नाही, येते. पण शाल नको. पोरींशी बोलायचंय थोडं.” काय बोलणार, जयूनं घाबरून विचारलं. “अजून ठरवलं नाही. वळून बघायचं, ओरडायचं, असलं काहीतरी. दाँव नाही.” जयू म्हणाली, “बघ बाई. पोरी कमी येतील.” येऊ देत कमी. मॅजिक आली. उन्हाचा बारा वाजताचा तडाखा होता, आत गर्दी होती, तिला मागच्या बाकावर दोन पुरुषांच्या मधली जागा मिळाली; डावीकडे एक पोरगेलासा तरुण, उजवीकडे बंडी घातलेला जाडजूड शेतकरी, मांडीवर खताची रिकामी पोती. एरवी ती अशा जागी बसली नसती, पुढच्या गाडीची वाट बघितली असती. आता पायांत तेवढी ताकद नव्हती. ती बसली. पर्समध्ये फोन थरथरायला लागला; दिलीप असेल, ग्रुप असेल, व्हिडिओ पोचला असेल. तिनं तो काढला नाही. गाडी निघाली, गरम वारा तोंडावर आला. समोरच्याचे हात कुठं आहेत ते तिनं पाहिलं, मग पुन्हा पाहायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

“बाईजी. ओ बाईजी. देवास गेट आ गया.”

गाडी जवळजवळ रिकामी झाली होती. तिची मान शेतकऱ्याच्या खांद्यावर पडली होती, तोंड उघडं होतं, आणि त्याच्या बंडीवर तिच्या लाळेचा रुपयाएवढा ओला डाग होता. ती दचकून सरळ झाली. “सॉरी भैया, मला, मुझे पता ही...” झोप? गाडीत? अनोळखी माणसाच्या अंगावर? शेतकरी खांदा चोळत होता. “कोई बात नी,” तो हसून म्हणाला, “मेरे को तो सुल्तानपुरे पे उतरना था. आप ऐसी गेरी नींद में थीं, तो मैंने कहा अब क्या हिलूँ.” पोती काखोटीला मारून तो उतरला आणि जिकडून आला होता तिकडेच, उन्हातून, चालत निघाला. कल्पना खाली उतरून सावलीतल्या बाकावर बसली. नानाखेड्याची गाडी समोरून भरून निघून गेली, तिला दिसली, पण तिला उठवेना. अंगभर झोप अजून भरून राहिली होती, जड, लहान मुलासारखी. दुसरी येईल, ती मनात म्हणाली, आणि तोंडापुढे हात न धरता तिनं मोठी जांभई दिली.